प्रथिन पोचवणं वेगळं, तिथेच बनवणं वेगळं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी जीवशास्त्र हातात पडतं. मज्जापेशीतले निस्सल कण पेशीकायेत, म्हणजे पेशीच्या मुख्य भागात असतात, अक्षतंतूत, म्हणजे तिच्या लांब तंतूत नसतात, एवढं पाठ होतं. हे कण म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमांचे दाट पुंजके. त्यावरून मुलं ठरवतात की अक्षतंतूत प्रथिन बनतच नाही. तर्क सरळ आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. पुंजके नसले तरी अक्षतंतूत विखुरलेले रायबोसोम असतात, आणि ते कामाला लागतात.

घोटाळा होतो तो वाहतुकीमुळे. खानापूरच्या लग्नाला बेळगावहून जेवण शिजवून पाठवा किंवा आचारी आणि शिधा पाठवून तिथेच चूल मांडा, टेम्पो दोन्हींत लागतोच. पहिल्या प्रकारात पेशीकायेत तयार झालेलं प्रथिन पुढे जातं. दुसऱ्यात त्याचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती, जातो आणि प्रथिन टोकाशी बनतं.

वाहतुकीला मर्यादा आहेत. पेशीचा सांगाडा बनवणारी ॲक्टिनसारखी प्रथिनं दिवसाला साधारण 2 ते 8 मिलिमीटर सरकतात. मोठ्या माणसाच्या पायातला मीटरभर लांबीचा अक्षतंतू घेतला, तर 125 ते 500 दिवस! गर्भात अंतर खूपच कमी असतं, पण तिथे वाट शोधत वाढणाऱ्या अक्षतंतूच्या टोकाला, म्हणजे ग्रोथ कोनला, मिनिटांत वळायचं असतं.

हे वळणं कुठून येतं? 2001 साली कॅम्पबेल आणि होल्ट या संशोधकांनी झेनोपस बेडकाच्या डोळ्यातले अक्षतंतू पेशीकायेपासून तोडले. तुटलेला ग्रोथ कोनही नेट्रिन-1 या वाट दाखवणाऱ्या रेणूच्या दिशेला वळला. प्रथिननिर्मिती रोखणारं औषध दिल्यावर वळणं थांबलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. मागून काही येण्याची वाटच तोडली होती, तेव्हा जे लागलं ते तिथेच बनलं असणार.

2006 मध्ये आणखी बारकावा दिसला. नेट्रिन ज्या बाजूने येतं, त्याच बाजूला बीटा-ॲक्टिन जास्त बनतं आणि टोक तिकडे झुकतं. सेमाफोरिन-3ए हा दूर लोटणारा रेणू आला, तर आरएचओए नावाचं प्रथिन बनतं आणि ग्रोथ कोन आक्रसतो. कोणता आरएनए वापरायचा, हे बाहेरून आलेला इशारा ठरवतो. पेशीकायेतून येणाऱ्या मालात डावं-उजवं असा भेद नसतो. तो भेद इथे जागेवर तयार होतो.

म्हणून पेशीकायेतला पुरवठा बिनकामाचा ठरत नाही. अक्षतंतू लांबवायला लागणारा बराचसा माल, त्याचं पटल (बाहेरचं आवरण), रायबोसोमांचे बहुतेक घटक मागूनच येतात. शिवाय प्रत्येक मार्गदर्शक रेणूला नवं प्रथिन लागतंच असंही नाही. काही इशाऱ्यांवर टोक आधीच्या साठ्यावरही वळतं.

परीक्षेत आकृती काढताना पेशीकायेतून निघणाऱ्या बाणाखाली आरएनएचा दुसरा बाण काढा आणि ग्रोथ कोनमध्ये दोन-चार रायबोसोम दाखवा.