राज्य लॉटरीचं बक्षीस लागलं तर: कागदपत्रं, मुदत आणि कापला जाणारा कर

लॉटरीचं तिकीट घ्यायला काहीही लागत नाही. अर्ज नाही, आधार नाही, सही नाही. स्टॉलवर उभं राहायचं, नंबर आवडला की पैसे द्यायचे आणि तिकीट पाकिटात टाकायचं. कागदपत्रं लागतात ती बक्षीस लागल्यावर, आणि नेमका तेव्हाच माणूस भांबावलेला असतो. कोणी तिकीट दाखवत गावभर फिरतो, कोणी ते एजंटाच्या हातात देऊन मोकळा होतो. खालची माहिती मुख्यतः महाराष्ट्र राज्य लॉटरीची आहे. केरळचा विषय मध्ये येईल, कारण फिरायला गेलेली आपली मंडळी तिथून तिकिटं घेऊन येतात आणि मग इथे बसून प्रश्न विचारतात.

आधी तिकीट खरं आहे का ते बघा

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. मटक्याच्या नादी लागणाऱ्या लोकांना कायदेशीर पर्याय द्यावा आणि सरकारी तिजोरीत चार पैसे यावेत, असा तो विचार होता. कारभार वित्त विभागाकडे, कार्यालय नवी मुंबईत वाशीला. साप्ताहिक सोडती असतात आणि दिवाळी, गणपती अशा सणांना बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या खास सोडती. एका राज्याला वर्षातून सहापेक्षा जास्त बंपर काढता येत नाहीत. हे बंधन केंद्राच्या १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याचं आहे.

त्याच कायद्यात सामान्य माणसाच्या कामाच्या आणखी काही गोष्टी आहेत. तिकीट राज्य सरकारनेच छापलेलं हवं, त्यावर सरकारचं चिन्ह हवं. सोडत राज्य सरकारनेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच आकड्यावर किंवा आधी जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस देता येत नाही. तेव्हा शहरातल्या एखाद्या ‘लॉटरी सेंटर’मध्ये शून्य ते नऊपैकी एक आकडा सांगा, पैसे लावा, पंधरा मिनिटांत निकाल, असा मामला दिसला तर बाहेर पाटी कोणाचीही असो, ती राज्य लॉटरी नाही. तिथे हातात मिळते ती चिठ्ठी. चिठ्ठीवर बक्षीस लागलं आणि मालकाने हात वर केले, तर दाद मागायला जायचं कुठे?

प्रत्येक राज्यात लॉटरी चालत नाही. केरळ, गोवा, महाराष्ट्र, पंजाब, पश्चिम बंगाल, सिक्कीम, नागालँड अशा तेरा राज्यांत ती आहे. तामिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकने २००७ मध्ये बंद केली. दुसऱ्या राज्याची तिकिटं आपल्या हद्दीत विकू न देण्याचा अधिकारही राज्याला आहे. बेळगाव-निपाणीच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं: पलीकडे कागल-कोल्हापुरात खुलेआम मिळणारं तिकीट अलीकडे आणून विकणं हा गुन्हा ठरतो.

निकाल कसा वाचायचा

तिकिटावर मालिका आणि क्रमांक अशा दोन गोष्टी असतात. पहिल्या बक्षिसाला दोन्ही तंतोतंत जुळावे लागतात. क्रमांक तोच पण मालिका वेगळी असेल, तर काही योजनांत उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं. खालची लहान बक्षिसं बहुधा शेवटच्या चार आकड्यांवर असतात, मालिका कोणतीही चालते. चार आकड्यांची दहा हजार रूपं होतात. म्हणजे एखादं बक्षीस दहा वेगवेगळ्या चार-आकडी क्रमांकांना असेल, तर तुमच्या एका तिकिटाला ते लागण्याची शक्यता हजारात एक. एवढा हिशेब केला की ‘काल सात आला होता, आज नाही येणार’ असं सांगणाऱ्या तज्ज्ञांकडे लक्ष देण्याची गरज राहत नाही.

न विकलेल्या तिकिटावर पहिलं बक्षीस जाऊ शकतं का, हा नेहमीचा प्रश्न. उत्तर योजनेवर अवलंबून आहे. पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांमधूनच काढणार असतील तर जाहिरातीत तसं छापलेलं असतं. ती ओळ नसेल तर बक्षीस सरकारकडेच राहू शकतं. घेण्याआधी वाचावी अशी ओळ ती एवढीच.

निकाल वर्तमानपत्रात येतो, फॉरवर्ड होऊन फोनवरही येतो. पण छपाईची चूक झाली तर पेपरातला नंबर तुमच्या उपयोगाचा नाही. लॉटरी कार्यालयाचा अधिकृत निकालच धरला जातो. आनंदाचा फोन करण्याआधी तिथे ताडून घ्या.

तिकिटाच्या मागची कोरी जागा

तिकीट हे रोख नोटेसारखं आहे: ज्याच्या हातात, त्याचं. ते कोणी विकत घेतलं याची नोंद कुठेही नसते. म्हणून पहिलं काम हे की मागच्या बाजूला नाव, पत्ता आणि सहीसाठी असलेल्या ओळी पेनने भरायच्या. खरं तर निकालाची वाट न बघता घेतल्या दिवशीच भराव्यात. हरवलं तर दुय्यम तिकीट मिळत नाही, आणि तुमचं नाव असलेलं तिकीट दुसऱ्याला पचवणं अवघड जातं. मग दोन्ही बाजूंचे फोटो आणि झेरॉक्स काढा. फाटू देऊ नका, घडीवर घडी घालू नका, बारकोडवर काही लिहू नका. उत्साहाच्या भरात लॅमिनेशन तर मुळीच नको, तपासणीत मूळ कागदच बघायचा असतो.

ऑफिसात वर्गणी काढून तिकीट घेतलं असेल तर प्रकरण जरा किचकट. मागे एकाचंच नाव असेल तर बक्षीस त्या एकाचं, कर त्याच्या पॅनवर, आणि बाकीच्यांकडे फक्त त्याचा शब्द. घेतानाच सगळ्यांची नावं आणि प्रत्येकाचे पैसे एका कागदावर लिहून सह्या करा, त्याचा फोटो ग्रुपवर टाका. केरळात अशा वेळी सगळ्यांनी मिळून एकाला रक्कम घ्यायचा अधिकार देणारं संमतिपत्र स्टॅम्प पेपरवर द्यावं लागतं. पोराच्या हाताला यश आहे म्हणून त्याच्या नावाने सही करणारेही भेटतात. त्यातून पालकत्वाचे कागद तेवढे वाढतात. अज्ञान मुलाला लागलेलं बक्षीस करासाठी आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

बक्षिसाची मागणी

महाराष्ट्रात १०,००० रुपयांपर्यंतचं बक्षीस विक्रेत्याकडूनच घ्यायचं. त्यावरच्या बक्षिसासाठी वाशीच्या कार्यालयात उपसंचालक (वित्त व लेखा) यांच्याकडे मागणी करावी लागते. केरळात ५,००० पर्यंत कुठल्याही लॉटरी दुकानात आणि १ लाखापर्यंत जिल्हा लॉटरी कार्यालयात काम होतं, त्यापुढे तिरुवनंतपुरमचं संचालनालय.

फाईलमध्ये काय हवं? मूळ तिकीट, मागे नाव-पत्ता-सही केलेलं. भरलेला मागणी अर्ज. आधार आणि पॅन, दोन्हींच्या स्वतः सही केलेल्या प्रती. पासपोर्ट आकाराचे फोटो. बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक. आणि रक्कम मिळाल्याची पावती, एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही केलेली. केरळात तिकिटाच्या दोन्ही बाजूंची प्रत राजपत्रित अधिकाऱ्याकडून किंवा नोटरीकडून साक्षांकित करून मागतात. परराज्यातल्या विजेत्याला आपण तिथे कशासाठी गेलो होतो याचा लेखी खुलासाही द्यावा लागतो. मुन्नार-अलेप्पीच्या सहलीची रेल्वे तिकिटं म्हणूनच लगेच फेकू नयेत.

एक बारीक गोष्ट. तिकिटामागचं नाव, आधारवरचं, पॅनवरचं आणि बँकेतलं नाव सारखं हवं. तिकिटावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’ आणि पासबुकात आडनाव आधी, असं झालं की फाईल अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो. त्यांनी आजच्या आधारवर आहे तसंच नाव तिकिटावर लिहावं.

पॅन नसेल तर ते आधी काढा. आधारवरून ई-पॅन चटकन मिळतं, तेवढ्यासाठी एजंटाला हजार रुपये देऊ नका.

मुदत तिकिटामागच्या नियमांत छापलेली असते आणि ती सोडतीच्या दिवसापासून मोजतात. केरळात ती ३० दिवसांची आहे. मुदतीत न मागितलेलं बक्षीस सरकारजमा होतं, तेही कायद्यानेच. फाईल शक्यतो स्वतः जाऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. पोस्टानेच पाठवायची असेल तर साध्या टपालाने नको, स्पीड पोस्टची पावती हातात ठेवा. केरळच्या मोठ्या बक्षिसासाठी बँकेमार्फत तिकीट सादर करता येतं. दूर राहणाऱ्याला ते सोयीचं.

या काळात एखादा गोड बोलणारा माणूस घरी येऊ शकतो. सात लाखांच्या तिकिटाचे रोख साडेसात देतो म्हणेल. असा सौदा करणाऱ्याला आपला काळा पैसा बक्षीस म्हणून पांढरा करून घ्यायचा असतो. उद्या चौकशी लागली तर तिकीट विकणाराही त्यात ओढला जातो. दार लावून घ्या.

हातात किती पडतात

तिकिटाच्या किमतीतच जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, त्याआधी २८ होता. ५० रुपयांच्या तिकिटात साधारण १४ रुपये २९ पैसे कराचे.

बक्षिसावरचा आयकर वेगळा. एका बक्षिसाची रक्कम १०,००० च्या वर गेली की देतानाच ३० टक्के कर कापतात, त्याला टीडीएस म्हणतात. ७ लाखांच्या बक्षिसावर २ लाख १० हजार कापले जाऊन ४ लाख ९० हजार खात्यात येतात. पण हिशेब इथे मिटत नाही. करावर ४ टक्के उपकर असतो, तो टीडीएसमध्ये धरलेला नसतो. म्हणजे आणखी ८,४०० रुपये आयकर विवरणपत्र भरताना किंवा त्याआधी स्वतः भरायचे.

यावर लोक हमखास वाद घालतात. ‘माझं दुसरं उत्पन्नच नाही, मग कर कसला? परतावा मागतो.’ मिळत नाही. लॉटरीच्या रकमेला करमुक्त मर्यादा लागू होत नाही, विमा-पीपीएफची वजावट चालत नाही, आणि वर्षभर घेतलेल्या न लागलेल्या तिकिटांचा खर्चही वजा करता येत नाही. शेतमजूर असो की कारखानदार, दर एकच.

रक्कम मोठी असेल तर अधिभारही लागतो: उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की करावर १० टक्के, १ कोटीच्या वर १५ टक्के, २ कोटींच्या वर २५ टक्के. केरळच्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटींचं. त्यातले १० टक्के एजंटाचं कमिशन म्हणून जातात, उरलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के टीडीएस, आणि विजेत्याच्या खात्यात येतात १५ कोटी ७५ लाख. पेपरात हाच आकडा छापून येतो. प्रत्यक्षात नव्या करप्रणालीच्या दराने अधिभार आणि उपकर मिळून आणखी २ कोटी अडीच लाख त्याला स्वतः भरायचे असतात. खात्यात आले म्हणून सगळे आपले समजून बंगल्याचा इसार देणाऱ्याची फजिती होते ती इथे. जास्तीचा कर बक्षिसानंतर येणाऱ्या आगाऊ कराच्या हप्त्यांत, आणि हप्ते संपले असतील तर ३१ मार्चच्या आत भरला, की व्याजाचा भुर्दंड टळतो.

विवरणपत्र भरताना पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. लॉटरीचं उत्पन्न असेल तर तो फॉर्म वापरता येत नाही, व्यवसाय नसलेल्यांना आयटीआर-२ घ्यावा लागतो. कापलेला कर २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्यात, दिसतो का ते आधी बघा. दिसत नसेल तर लॉटरी कार्यालयाकडे टीडीएसचं प्रमाणपत्र मागा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. सुट्टीला आलेल्या भावाने तिकीट घेतलं आणि लागलं, तर बक्षीस त्याला मिळेल, पण ती रक्कम परदेशी पाठवायला परकीय चलन नियमांनी बंदी आहे. परदेशी लॉटरीचं तिकीट घ्यायला इथून पैसे पाठवणंही त्याच नियमांत निषिद्ध आहे. तेव्हा अमेरिकेच्या जॅकपॉटचं तिकीट भारतात बसून काढून देणाऱ्या वेबसाइटच्या वाटेला जाऊ नये.

जे तिकीट घेतलंच नाही, त्याचं बक्षीस

‘तुमच्या मोबाईल नंबरला पंचवीस लाख लागले’ हा व्हॉट्सअ‍ॅप संदेश अजून फिरतो आहे. त्यात टीव्हीवरच्या ओळखीच्या चेहऱ्याचा फोटो, बँकेचा शिक्का, मॅनेजरचा नंबर सगळं असतं. केरळ लॉटरीच्या नावाने ऑनलाइन तिकीट विकणारी अ‍ॅपही निघाली आहेत, आणि केरळ सरकार तर फक्त कागदी तिकीट विकतं. खरी राज्य लॉटरी कर बक्षिसातून कापून घेते. ‘आधी प्रोसेसिंग फी भरा, मग रक्कम सोडतो’ असं सरकारी कार्यालय कधी म्हणत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, त्याच घटकेला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.