हक्क दिला, हत्यार काढून घेतलं

रात्री दोनला मागच्या दाराची कडी वाजते. उशाशी काठी आहे, माळ्यावर आजोबांची तलवार. कशाला हात घालावा? आपल्याकडे या प्रश्नाला दोन इंग्रजांनी चाळीसेक वर्षांच्या अंतराने उत्तरं दिली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला मेकॉले, इंग्रजी अमलातल्या पहिल्या विधी आयोगाचा अध्यक्ष. 1837 च्या दंड संहितेच्या मसुद्यात त्याच्या आयोगाने स्वसंरक्षणाचा हक्क सढळ हाताने दिला. इथल्या लोकांनी दरोडेखोरांपुढे मान तुकवू नये, उलट उभं राहावं, ही त्यामागची भूमिका. मात्र मसुद्यातल्या ज्या भागाबद्दल आपण सर्वांत कमी समाधानी आहोत तो हाच, अशी कबुलीही त्यांनी देऊन ठेवली. 1860 च्या संहितेत त्याची कलमं 96 ते 106 झाली. रात्रीची घरफोडी, जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणं, अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्कच नाही.

दुसरा लॉर्ड लिटन, तेव्हाचा व्हाइसरॉय. 1857 च्या उठावानंतर सुरू झालेल्या निःशस्त्रीकरणाला त्याने 1878 च्या शस्त्र कायद्याने पक्कं रूप दिलं. हत्यार बाळगायला परवाना लागू लागला, गोऱ्यांना मात्र सूट. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. वर्णभेद उरला नव्हता, परवाना मात्र राहिला.

या कायद्याच्या व्याख्येत लाठीचं नाव येतं, तेही सूट म्हणून! घरकाम किंवा शेतीसाठीच असलेल्या वस्तू हत्यारात मोडत नाहीत. त्यामुळे विळी, कोयता, काठी घरात असली तर बिघडत नाही. तलवार, गुप्ती, खंजीर यांचं तसं नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या भागात त्यांना परवाना लागतो; नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या, घरगुती वा शेतीच्या नसलेल्या चाकूलाही. म्हणजे चोराला अडवणं कायद्यात बसलं तरी आजोबांच्या तलवारीवरून वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो. लोकांच्या हे ध्यानातच येत नाही.

खरी कसोटी कोर्टात लागते, कारण स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर. मार्च 1950 मध्ये कटनीत दंगल पेटली. एका दुकानदाराच्या भावाचं शेजारचं दुकान जमावाने लुटलं, घरातली माणसं भिंतीच्या भगदाडातून याच्याकडे पळून आली, आणि जमाव याच्या दारावर लाठ्या हाणू लागला. त्याने बंदुकीतून दोन बार काढले. एक माणूस मेला. नागपूर उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. निकाल न्या. व्हिव्हियन बोस यांचा, जे पूर्वी त्याच नागपूर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. दार फुटेपर्यंत थांबायची गरज नव्हती, आणि अशा गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माणूस सुटला खरा, पण दोन वर्षांनी.

उलट बाजूही तितकीच खरी. घरफोड्या उंबऱ्याबाहेर पडून पळाला की घरफोडीपुरता हा हक्क संपतो. पाठलाग करून, खाली पडलेल्याला मारलं तर तो सूड ठरतो. चांगल्या हेतूने पण मर्यादा ओलांडून जीव गेला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. त्यालाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी या कलमांचे आकडे तेवढे बदलले: 34 ते 44. मजकूर बराचसा मेकॉलेचाच. त्यातलं एक उदाहरणही टिकून आहे. जिथे जायचा हक्क आहे अशा घरात एकजण रात्री शिरतो, दुसरा त्याला चोर समजून मारायला धावतो. मारणाऱ्याचा गुन्हा नाही, आणि आत आलेल्यालाही त्याच्यापासून स्वतःला वाचवण्याचा तितकाच हक्क आहे.