सेल्फ घेतेय, पण स्टार्ट होत नाहीये

जुलै महिना, रात्रभर पाऊस, सकाळी पावणेआठला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी चावी फिरवतोय आणि आमची सात वर्षं जुनी सीएनजी गाडी नुसतीच घर्रर्र घर्रर्र करतेय. वॉचमनपासून दुधवाल्यापर्यंत सगळ्यांचं निदान एकच, बॅटरी गेली! अहो पण बॅटरी गेली असती तर इंजिन इतकं जोरात फिरलं असतं का, नुसतं टक-टक वाजलं असतं किंवा रडत रडत दोन गिरक्या घेऊन गप्प झालं असतं. सेल्फ घेताना स्टार्टर मोटर शे-दोनशे अँपिअर करंट ओढते, तो देणारी बॅटरी बहुतेक वेळा ठणठणीत असते.

हा 'सेल्फ' शब्द आला सेल्फ-स्टार्टरवरून. त्याआधी खाली उतरून पुढून हँडल मारायला लागायचं आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगने 1911 मध्ये कॅडिलॅकसाठी इलेक्ट्रिक स्टार्टर करून दाखवला, 1912 च्या मॉडेलपासून तो गाड्यांत आला. पण स्टार्टर काय करतो, तर इंजिन मिनिटाला साधारण 200-250 वेळा फिरवून देतो, बस. पुढे इंजिनाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं, आणि त्याला पेट्रोल, ठिणगी, दाब हे तिन्ही लागतं, तेही बरोबर वेळेला.

आता माझं मत सांगतो, निदानाची सगळ्यात मोलाची वेळ म्हणजे सेल्फ मारायच्या आधीचे दोन सेकंद, आणि ते आपण सगळे फुकट घालवतो. चावी नुसती ऑनवर न्या, एसीचा पंखा, गाणी सगळं बंद, आणि कान मागच्या सीटकडे. टाकीतला पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' करून थांबला पाहिजे, त्या वेळात तो लाइनमध्ये तीन-चार बारचा दाब तयार करतो. इंजिन फिरत नाहीये असं दिसलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) त्याला बंद करतो, म्हणजे अपघातात पाइप फुटला तर पंप पेट्रोल ओतत बसायला नको. आवाजच नाही आला तर फ्यूज, रिले (पंपाला करंट सोडणारा स्विच), वायर (पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात, हसू नका) किंवा पंपच.

दुसरं, डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा बघा. तो फडफडत राहिला तर चावीतली चिप गाडीला ओळखू येत नाहीये, काही गाड्या अशा वेळी सेल्फ घेऊ देतात पण पेट्रोल सोडत नाहीत. दुसरी चावी लावून बघा.

तिसरं, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा. बऱ्याच गाड्यांत तो जरासा उचलतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. क्रँकशाफ्टसोबत (पिस्टन फिरवतात तो इंजिनातला दांडा) एक दातेरी चाक फिरतं, बऱ्याच इंजिनांत त्यावर 60 दात्यांची जागा असते पण दोन दाते मुद्दाम गाळलेले, ती फट समोरून गेली की ईसीयूला कळतं पिस्टन आत्ता कुठे आहे. सेन्सर मुका झाला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये, मग ठिणगी नाही, पेट्रोलही नाही. याची एक खोड म्हणजे गरम झाल्यावर मरायचं आणि गार झाल्यावर जिवंत व्हायचं, त्यामुळे गॅरेजवाल्यासमोर गाडी एका सेल्फमध्ये चालू होते आणि आपणच वेडे ठरतो.

चौथं नाक. पाच-सहा सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा भपकारा आला तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू तेवढ्यापुरतं पेट्रोल बंद करतो आणि आतला ओलावा हवेने निघून जातो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मात्र नको, स्टार्टर तापतो, मध्ये मिनिटभर थांबा.

आणि आवाज नेहमीपेक्षा हलका, एकसारखा, शिवणाच्या मशीनसारखा येत असेल तर हात आवरा, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) तुटला असू शकतो आणि प्रत्येक सेल्फला पिस्टन व्हॉल्व्हवर आपटू शकतो. गाडी तुंबलेल्या पाण्यातून आणून बंद पडली असेल तर सेल्फ मारूच नका, इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता माझी गाडी. चिपचा दिवा विझलेला, काटा हलतोय, पेट्रोलचा वास अजिबात नाही, आणि मागून 'ऊंऽऽ' पण नाही! तळमजल्यावरचे काका (आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये) छत्री घेऊन आले, पहिला प्रश्न, "टाकीत पेट्रोल किती ठेवतोस रे?"

"काका, सीएनजीवर चालवतो, पेट्रोलच्या मीटरवर एक काडी असते."

"मग मर."

बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवरच स्टार्ट होतात. सिलिंडरमध्ये गॅस 200 बारला दाबलेला असतो, तो दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये एकदम पसरला की कमालीचा थंड पडतो, म्हणून त्याला ऊब द्यायला इंजिनाचं गरम पाणी फिरवतात, आणि पाणी गरम व्हायला आधी इंजिन चाललं पाहिजे. ती दोन-चार मिनिटं पेट्रोलची. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो, काही गाड्यांत सीएनजीवर असतानाही तो फिरत असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं एक काडी ठेवली की पंप कोरडा तापून त्याच्या मोटरला करंट पोचवणारे ब्रश झिजतात.

काकांनी मला सेल्फ मारायला बसवलं, स्वतः मागे वाकून रबरी हातोडीने टाकीला खालून दोन दणके दिले. झिजलेले ब्रश हादऱ्याने क्षणभर टेकले असावेत, पंप ओरडला आणि गाडी चालू झाली. "बंद करू नकोस, तशीच गॅरेजला ने," काका म्हणाले, "आणि वाटेत दहा लिटर पेट्र... नको, पेट्रोल पंपावर गाडी बंद करायला लागेल. आधी गॅरेज."