अन्ननलिकेच्या कॅन्सरची केमो फुले योजनेतून: प्रकरण अडतं कुठं

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपी बसते. पिवळं, केशरी आणि आता पांढरंही रेशनकार्ड चालतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाकडे, नोंदणी करायची, ऑनलाइन मंजुरी रुग्णालयच मागतं. मात्र रुग्णालय योजनेत असलं तरी केमो त्यात असेलच असं नाही. चंदगड-गगनबावड्याहून पेशंटला घेऊन निघण्याआधी 155388 वर विचारून घ्या.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. रेशनकार्डावर 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब' आणि बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून तपासण्याच्या) रिपोर्टवर घरचं 'बाळू'. अख्ख्या गावाला माणूस एकच, कॉम्प्युटरला तीन! पहिला केसपेपर काढतानाच आधारवरचं पूर्ण नाव सांगा, पुढचे सगळे रिपोर्ट त्याच नावानं निघतात. रेशनकार्डावर नावच नसेल तर तहसीलची पुरवठा शाखा गाठावी लागते. ते काम बायोप्सीची वाट बघतानाच उरकून घ्या.

दुसरी गल्लत रिपोर्टची. दुर्बिणीच्या रिपोर्टवर 'ग्रोथ' (गाठ) लिहिलंय म्हणून लोक तोच पुढं करतात. तो चालत नाही. तुकडा तपासलेला हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट लागतो, सोबत सीटी स्कॅन आणि डॉक्टरांची उपचाराची लेखी आखणी. हा निव्वळ कागदी हट्ट नाही. गाठ स्क्वॅमस की अडिनो, या कॅन्सरच्या दोन प्रकारांपैकी कोणती, हे त्यातच कळतं आणि औषधं त्यावर ठरतात. ऑपरेशनआधी रेडिएशनसोबत पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं द्यायची असतील तर साधारण 5 आठवडे, आठवड्याला एकदा. अडिनोला बऱ्याचदा फ्लॉट, म्हणजे चार औषधांची एकत्र केमो: ऑपरेशनआधी 4 आणि नंतर 4 सायकल (केमोच्या फेऱ्या).

"आधी पैसे भरून सुरू करा, योजनेचं नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर थांबा. योजना कॅशलेस आहे, भरलेलं बिल नंतर मागून मिळत नाही. पेशंटला पेजसुद्धा गिळवत नसेल तर मंजुरीची वाट बघत घरी बसू नका. नळीतून अन्न देण्याचं डॉक्टरांना विचारा. वजन उतरत गेलं की केमो सोसत नाही.

मंजुरी सहसा सायकलगणिक लागते. आणि सायकलआधीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी आल्या की तारीख पुढं जाते. यात योजनेनं काही नाकारलेलं नसतं, उगाच भांडू नका. 'पेंडिंग' दिसलं तरी बहुतेकदा एखादा कागदच मागितलेला असतो. कोणता, ते आरोग्यमित्राला स्क्रीनवर दिसतं. "बघतो" एवढ्यावर उठू नका, कागदाचं नाव लिहून घ्या.