पेवॉल उशिरा आली, ब्लॉग आधीच आले होते

स्थानिक वर्तमानपत्रांनी इंटरनेटवरच्या बातम्यांना पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणारं कुलूप लावलं, म्हणून लोकांनी आपापल्या भागाचे ब्लॉग काढले, असं बऱ्याचदा ऐकू येतं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात तरी घडलं ते नेमकं उलटं.

मूळ दुखणं छोट्या जाहिरातींचं. भाड्याची खोली, जुनी गाडी, नोकरी अशा तीन-चार ओळींच्या जाहिरातींवर तिथल्या दैनिकांचा मोठा खर्च निघायचा. २००० साली त्यांतून अमेरिकी वर्तमानपत्रांना सुमारे १९.६ अब्ज डॉलर मिळाले. २००९ पर्यंत हा आकडा ६ अब्जांच्या आसपास घसरला. क्रेग न्यूमार्क यांनी १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या क्रेगलिस्टवर अशा बहुतेक जाहिराती फुकट देता येत होत्या, मग पेपरला पैसे कोण देणार? पैसा आटला, वार्ताहर कमी झाले आणि शहराच्या एकेका भागात रोज चक्कर मारणारं माणूस उरलं नाही.

वेस्ट सिअ‍ॅटल हा डुवामिश नदीपलीकडचा भाग. टीव्हीच्या बातमी विभागात नोकरी करणाऱ्या ट्रेसी रेकॉर्ड यांनी २००५ च्या अखेरीस तिथे ‘वेस्ट सिअ‍ॅटल ब्लॉग’ सुरू केला, तो हौसेपोटी. १४ डिसेंबर २००६ च्या रात्री मोठं वादळ झालं. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात दहा लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले, काहींकडे तर कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी माणसाला वाऱ्याचा वेग नको असतो. आमच्या रस्त्यावर वीज कधी येणार, झाड कुठे आडवं पडलंय, कुठलं दुकान उघडं आहे, हे हवं असतं. दैनिकाच्या पानावर एवढ्या बारीकसारीक गोष्टींना जागा कुठून मिळणार? ब्लॉगवर ती मिळाली, आणि सांगणारे होते शेजारीपाजारीच. २००७ च्या अखेरीस रेकॉर्ड यांनी नोकरी सोडली. पती पॅट्रिक सँड जाहिरातींचं बघायचे, आणि त्या मुख्यतः आसपासच्या दुकानदारांच्या. वाचकाला मात्र सगळं मोफत. कॅपिटल हिल, बॅलार्ड या भागांतही असेच ब्लॉग तोवर उभे राहिले होते.

१७ मार्च २००९ रोजी ‘सिअ‍ॅटल पोस्ट-इंटेलिजन्सर’ (थोडक्यात पी-आय) या दैनिकाचा शेवटचा छापील अंक निघाला. या पेपरची सुरुवात १८६३ ची. संकेतस्थळ चालू राहिलं, पण संपादकीय विभागात वीसेक माणसांवर. ‘बातमी पी-आयमध्ये आहे’ अशा अर्थाची निऑन अक्षरं मिरवणारा त्यांचा तीस फुटी पृथ्वीगोल इमारतीवर तसाच राहिला.

पेवॉलची लाट यानंतरची. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये फुकट वाचनाला महिन्याला वीस लेखांची मर्यादा घातली. गॅनेट कंपनीने २०१२ मध्ये आपल्या ८० स्थानिक दैनिकांसाठी वर्गणी जाहीर केली. शहरातल्या ‘सिअ‍ॅटल टाइम्स’ या दैनिकाने ती मार्च २०१३ मध्ये लावली, तेव्हा वेस्ट सिअ‍ॅटलचा ब्लॉग सात वर्षांचा होता.

त्या दैनिकाला यासाठी दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. बोइंग ७३७ मॅक्सच्या त्रुटी खणून काढणाऱ्या त्यांच्या वार्तांकनाला २०२० चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. महिनोन्‌महिने एका विषयामागे लागणारी माणसं फुकटात पोसता येत नाहीत. पण गल्लीची बातमी हे वेगळं काम आहे, आणि ते नुसत्या भांडवलावर जमत नाही. एओएल या इंटरनेट कंपनीने २००९ मध्ये ‘पॅच’ ही स्थानिक बातम्यांची कंपनी विकत घेऊन शेकडो गावांत एका साच्याची संकेतस्थळं काढली, आणि २०१४ च्या जानेवारीत त्यातला मोठा हिस्सा विकून टाकला.

२३ मार्च २०२० ला वेस्ट सिअ‍ॅटलचा मोठा पूल तडे गेल्यामुळे अचानक बंद झाला. रोज लाखभर वाहनांचा रस्ता तो. सप्टेंबर २०२२ मध्ये पूल पुन्हा सुरू होईपर्यंत, खालच्या छोट्या पुलावरून कोणाला जाता येईल, वळणरस्त्यांवर कुठे गर्दी आहे, याच्या बातम्या ब्लॉगवर येत राहिल्या.