चुकलंय हे कळतं, कुठे ते कळत नाही

चित्रकला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक अवघड टप्पा लागतो. सुरुवातीला वह्या भराभर भरतात, रेघ हातात बसतेय असं वाटतं, आणि मग कधीतरी काढलेलं काहीच डोळ्यांना पटेनासं होतं. चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो, पण समोरच्या माणसाचा वाटत नाही. बोटं पाचच असतात, पण हातात जीव नसतो. बहुतेक जण इथे एकच निष्कर्ष काढतात, की आपल्यात ते नाहीच. कित्येकांच्या वह्या इथेच बंद होतात. लिहिणाऱ्यांचं, गाणाऱ्यांचं, नाचणाऱ्यांचं फार वेगळं होत नाही. या शंकेबद्दल मानसशास्त्राने बरंच काही शोधून काढलं आहे, आणि ते शिकणाऱ्यांपर्यंत पोचतच नाही याची मला मनापासून खंत वाटते.

१९९७ साली डेल कोहेन आणि सुझन बेनेट या संशोधकांनी एक सरळ प्रश्न हाती घेतला. बहुतेक माणसांना समोरची वस्तू दिसते तशी काढता का येत नाही? कारणं चार असू शकतात. हात वळत नसेल. कुठल्या रेघा घ्यायच्या आणि कुठल्या सोडायच्या, तो निर्णय चुकत असेल. आपण काढलेलं चित्र आपल्यालाच नीट दिसत नसेल. किंवा मुळात समोरची वस्तूच नीट दिसत नसेल. त्यांनी एकेक कारण वेगळं काढून तपासलं. चित्रकला न शिकलेल्या माणसांना छायाचित्र गिरवायला दिलं तेव्हा त्यांनी ते चांगलं गिरवलं. म्हणजे हात दोषी नव्हता. सगळ्यात मोठी गडबड निघाली ती वस्तू पाहण्यात.

हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण डोळे तर सगळ्यांचे उघडे असतात. पण मेंदू डोळ्यांत पडलेली प्रतिमा जशीच्या तशी आपल्या हाती देत नाही. तिरपी ठेवलेली गोल थाळी डोळ्याच्या पडद्यावर चपट्या लंबवर्तुळासारखी पडते, तरी आपल्याला ती गोलच ‘दिसते’. रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ मध्येच दाखवलं होतं, की तिरप्या वर्तुळाचा आकार कसा दिसतो हे सांगायला लावलं, तर माणसं तो प्रत्यक्ष प्रतिमेपेक्षा अधिक गोल सांगतात. मेंदू प्रतिमेत दुरुस्ती करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रोजच्या जगण्यात ही मोठी सोय आहे. दूर गेलेला माणूस बुटका झाला असं आपल्याला वाटत नाही, ते याच दुरुस्तीमुळे. कागदावर मात्र हीच सोय आड येते. चेहऱ्याचंही तसंच. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण आपलं लक्ष डोळे-नाक-ओठांवर खिळलेलं असतं, त्यामुळे नवशिका डोळे खूप वर काढतो आणि कपाळाला जागाच ठेवत नाही.

गंमत अशी, की तोच नवशिका आपलं चित्र पाहून ताबडतोब म्हणतो, ‘हा तो माणूस नाही.’ चेहरे ओळखायला आपण तान्हेपणापासून शिकत आलेले असतो, त्यामुळे नाकातला केसभर फरकही खटकतो. अंतरं, कोन आणि आकार मोजून पाहण्याची नजर मात्र चित्रकला सुरू केल्यावर घडायला लागलेली असते. ओळखणारी नजर चूक झाल्याचं सांगते. चूक कुठे आहे हे सांगणं तिच्या आवाक्यात नसतं. नवोदित कलाकाराच्या शंकेचा मोठा वाटा या दोन नजरांमधल्या अंतरातून येतो, असं मला वाटतं. नेमका दोष दाखवता येत नाही, म्हणून सगळा दोष स्वतःवर घेतला जातो.

हे अंतर सरावाने कमी होतं आणि त्याचे मार्ग साधे आहेत. कोहेन यांच्याच २००५ मधल्या अभ्यासात असं दिसलं, की जे वस्तूकडे वारंवार, थोडा थोडा वेळ पाहतात, त्यांची चित्रं अधिक अचूक उतरतात. बराच वेळ पाहून मग बराच वेळ काढत बसलं, की मधल्या काळात हात स्मृतीवर चालतो आणि स्मृतीत मेंदूने दुरुस्त केलेली प्रतिमा असते. चित्र आरशात पाहण्याचा सल्ला लिओनार्डो दा विंचीने आपल्या टिपणांत दिला आहे. डावं-उजवं बदललं की ओळखीचं चित्र परकं होतं आणि वाकडेपणा डोळ्यांत भरतो. चित्र उलटं धरण्यानेही हेच साधतं.

चूक जाणवणं आणि स्वतःबद्दल शंका वाटणं या दोन गोष्टी मेंदूत किती जवळ आहेत, हेही पाहण्यासारखं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांना मेंदूच्या विद्युतलहरींमध्ये एक ठळक खूण सापडली. माणसाने चूक केली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ती उमटते. अनुभवी पियानोवादकांच्या बाबतीत तर चुकीची पट्टी पूर्ण दाबली जाण्याआधीच मेंदूत हालचाल दिसली, आणि ते चुकीचे सूर बरोबर सुरांपेक्षा किंचित हळू आवाजात वाजलेले आढळले. मेंदू चूक आधीच ओळखून हात आखडता घेत होता. चुकीची ही चाहूल काळजीखोर स्वभावाच्या माणसांत अधिक जोरकस असते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलं आहे. एकच चूक एकाच्या मेंदूत हलकी उमटते आणि दुसऱ्याच्या मेंदूत ठणकते. म्हणून ‘मला फार वाईट वाटतंय, त्याअर्थी चित्र फार वाईट आहे’ हा हिशेब कच्चा आहे. वाईट वाटण्याचा जोर चित्रावर जितका अवलंबून असतो, तितकाच तुमच्या घडणीवरही असतो.

आता मला सगळ्यात मोलाचं वाटणारं संशोधन सांगतो. शंका वर्तमानाबद्दल बोलते, तशीच ती भविष्यही सांगते. ‘आता यापुढे काही सुचणार नाही, थांबावं,’ असं ती म्हणते. हे भाकीत कितपत खरं ठरतं, हे ब्रायन लुकास आणि लोरान नॉर्डग्रेन यांनी २०१५ मध्ये तपासलं. विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत सणाच्या जेवणासाठी जमतील तितके पदार्थ सुचवायला सांगितलं. मग विचारलं, आणखी दहा मिनिटं दिली तर अजून किती सुचतील? सरासरी उत्तर होतं सुमारे दहा. प्रत्यक्षात सुमारे पंधरा सुचले. इतरांकडून पारख करून घेतली तेव्हा नंतरच्या कल्पना आधीच्यांपेक्षा अधिक कल्पक ठरल्या. हीच चूक रंगमंचावर विनोदी प्रवेश सादर करणाऱ्या सरावलेल्या कलाकारांकडूनही झाली. प्रवेशाचे शेवट सुचवण्याच्या कामात त्यांनीही आपल्या पुढच्या कल्पनांना कमी लेखलं.

असं का होत असेल? संशोधकांच्या मते काम जड जायला लागलं की आपण त्या जडपणाचा अर्थ ‘आतलं संपलं’ असा लावतो. पहिल्या कल्पना सोप्या वाटतात, कारण त्या आधीपासून हाताशी असतात. म्हणूनच त्या सगळ्यांनाच सुचतात. त्या संपल्यावर मेंदूला दूरचे धागे जुळवावे लागतात, आणि हे काम कष्टाचंच असतं. २०२० मध्ये याच जोडीने दाखवलं, की सुचण्याचा वेग वेळेबरोबर कमी होतो खरा, पण कल्पकता टिकून राहते किंवा वाढते. लोकांना मात्र ती घसरेल असंच वाटत असतं, आणि ज्यांचा हा समज जितका पक्का, ते तितक्या लवकर काम सोडतात. सर्जनशील कामाची सवय असलेल्यांत हा गैरसमज कमी आढळला. अनुभवी कलाकार शंकामुक्त असतात असं मी म्हणणार नाही. कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी मिळतं हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं, इतकंच.

लांबच्या पल्ल्यावरही असंच चित्र दिसतं. तारयंत्र (टेलिग्राफ) शिकणाऱ्यांवर ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ मध्ये लेख लिहिला. संदेश ऐकून उतरवण्याचा वेग काही काळ वाढायचा, मग कित्येक आठवडे जागचा हलायचा नाही, आणि नंतर पुन्हा चढायचा. त्यांचं स्पष्टीकरण असं, की त्या अडलेल्या काळात अक्षरं ऐकण्याची सवय मुरत होती आणि शब्दच्या शब्द एकदम ऐकू येण्याची तयारी होत होती. असा सपाट टप्पा प्रत्येक कौशल्यात येतोच असं नाही, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. पण जिथे येतो तिथे त्याचा अर्थ आपली मर्यादा गाठली असा लावू नये.

मग सरावाने सगळं साधतं का? इथे खरं बोललं पाहिजे. २०१४ मध्ये ब्रूक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. संगीतात माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे २१ टक्के फरक जाणीवपूर्वक केलेल्या सरावाशी जोडता आला. सराव कशाला म्हणायचं यावर वाद आहेत, पण उरलेला भाग मोठा आहे हे नाकारता येत नाही. सुरुवातीचं वय, स्मरणशक्ती, शिकवणारा, अंगचा कल असं बरंच काही त्यात असू शकतं. अमुक हजार तास घातले की कोणीही काहीही होतो, हे आश्वासन मला क्रूर वाटतं, कारण ते पुरं झालं नाही की दोष पुन्हा शिकणाऱ्याच्याच माथी येतो. आपण कुठवर जाऊ हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नसतं, आपल्या शंकेलाही नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

लोकांच्या पसंतीवरून अंदाज बांधणंही धोक्याचं आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये १४,३४१ जणांना अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट होते आणि प्रत्येकाला आपल्या गटातल्या लोकांनी काय उतरवून (डाउनलोड करून) घेतलं ते दिसत होतं. एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात मागे पडलं. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. नवोदितांचं काम बहुतेक या मधल्या पट्ट्यातच असतं.

लोकांचा विचार डोक्यात घेऊन कामाला बसण्याचीही किंमत मोजावी लागते. टेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये ७२ तरुण लेखकांकडून छोट्या कविता लिहून घेतल्या. दुसऱ्या कवितेआधी काहींना लिहिण्याच्या बाहेरच्या कारणांचा क्रम लावायला दिला, म्हणजे पैसा, नाव, कौतुक वगैरे. काहींना लिहिण्यातल्या आनंदाशी जोडलेली कारणं दिली. बाहेरच्या कारणांत काही मिनिटं घालवलेल्यांच्या पुढच्या कविता जाणकार कवींना कमी कल्पक वाटल्या. फक्त काही मिनिटं! दर चित्रानंतर कोणाला किती आवडलं ते तपासणाऱ्याचं काय होत असेल, याचा विचार करावा.

स्वतःशी कठोर राहिल्याने काम सुधारतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. डारिया झाबेलिना आणि मायकेल रॉबिन्सन यांच्या २०१० मधल्या प्रयोगात स्वतःवर सतत टीका करणाऱ्यांची कल्पकता एरवी कमी भरली. पण एखाद्या वाईट प्रसंगाबद्दल स्वतःशी मित्रासारखं बोलण्याचा छोटा लेखी सराव केल्यावर ती वाढली. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाचे स्रोत मांडले, त्यांत सर्वांत बळकट ठरला तो स्वतः काहीतरी तडीस नेल्याचा अनुभव. शब्दांतलं प्रोत्साहन त्यापुढे फिकं पडतं. म्हणून अर्धवट सोडलेल्या भव्य चित्रापेक्षा पूर्ण केलेलं लहान चित्र बरं, आणि प्रत्येकावर तारीख घालावी. दोन वर्षांपूर्वीची वही काढून दाखवली तर तिच्याशी शंकेला वाद घालता येत नाही.

शंका पूर्ण जाईल अशी आशा मात्र धरू नये. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड गॅलेन्सन यांनी लिलावातल्या किमती तपासल्या तेव्हा पिकासोची सर्वांत मोलाची चित्रं त्याच्या २६व्या वर्षीची निघाली, तर फ्रेंच चित्रकार पॉल सेझानची ६७व्या वर्षीची, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षातली. सेझानचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन १८९५ मध्ये भरलं तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. आणि सप्टेंबर १९०६ मध्ये, मृत्यूच्या सुमारे दीड महिना आधी, त्याने आपल्या मुलाला लिहिलं, की इंद्रियांपुढे जे उलगडतं त्याची तीव्रता आपल्याला गाठता येत नाही. पुढे जगाने ज्या चित्रांना डोक्यावर घेतलं, ती काढतानाच त्याला असं वाटत होतं. तरी तो रोज कामाला जात राहिला.

शेवटी एक भेद सांगायलाच हवा. चित्रापुरती असलेली शंका वेगळी, आणि जेवण, झोप, माणसं यांतलं मनच उडवून टाकणारी निराशा वेगळी. अशी निराशा दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. यातनांतूनच कला जन्मते या समजुतीने फार नुकसान केलं आहे. तिचा दाखला म्हणून नेहमी व्हॅन गॉगचं नाव घेतलं जातं. फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात तो मे १८८९ ते मे १८९० असा वर्षभर होता आणि तिथे त्याने सुमारे १५० चित्रं रंगवली. पण तीव्र झटके यायचे तेव्हा आठवडेच्या आठवडे काम जवळजवळ बंद पडायचं. ती चित्रं मुख्यतः मधल्या बऱ्या काळातली आहेत. स्वतःला किंवा शेजारी बसून चित्र काढणाऱ्या मित्राला अशी निराशा घेरताना दिसली, तर चित्र बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.