चिखल्या: आळ चिखलावर, घर बुटात

बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढुरकी होऊन सोलते, खाज सुटते, भेगा पडून आग होते. मराठीत याला चिखल्या म्हणतात. जपानी भाषेत याच आजाराचं नाव ‘मिझुमुशी’, म्हणजे पाण्यातला किडा. वैद्यकातल्या ‘टिनिया’ या लॅटिन शब्दाचा अर्थ कुरतडणारी अळी. ‘अ‍ॅथलीट्स फूट’ हे नाव त्या मानाने कालचं. १९२०च्या दशकात अमेरिकेत ते औषधांच्या जाहिरातींतून लोकांच्या तोंडी बसलं. कुणी चिखलाला दोष दिला, कुणी किड्याला, कुणी खेळाडूंना. रोग मात्र होतो बुरशीमुळे, आणि त्या बुरशीला पायावर बिऱ्हाड मिळवून दिलं ते बंद बुटांनी.

बुरशीने माणसाला रोग होतो, हे १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तो १८८२ मध्ये, म्हणजे बुरशीचा छडा त्याच्या कितीतरी आधी लागला होता. पण ग्रुबी पाहत होते डोक्यावरची खवडं. पायाच्या या आजाराचं पहिलं वर्णन इटलीच्या पेलिझारी यांनी १८८८ मध्ये केलं, असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही लंडनचे आर्थर व्हिटफील्ड आणि पॅरिसचे साबुरो यांच्यासारखे जाणकार त्याला दुर्मीळ समजत. आज ज्याला त्याला होणारा आजार तेव्हा दुर्मीळ का होता?

याचं उत्तर मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकं वाटतं. आज चिखल्यांमागे बहुतेक वेळा ‘ट्रायकोफायटन रुब्रम’ ही बुरशी असते. आल्डो कास्टेलानी यांनी १९१० मध्ये तिचं वर्णन केलं. तिचं मूळ घर आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांत असावं, असं अभ्यासक मानतात. तिथे ती लोकांच्या अंगावर गजकर्ण म्हणून दिसे. पाय मात्र उघडे, वारा लागणारे, कोरडे. तिथे तिचं फारसं चालत नसे. वसाहतींमधले सैनिक, प्रवासी आणि पुढे महायुद्धांतली फौज यांच्यासोबत ती जगभर पसरली, आणि तिला घामट मोज्यांची ऊब सापडली. सामायिक न्हाणीघरं, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा यांच्या ओल्या फरशीवरून सोललेल्या कातडीच्या कणांसोबत ती एका पायावरून दुसऱ्या पायावर जाऊ लागली.

ही बुरशी जगते केराटिनवर, म्हणजे कातडीच्या मृत थरावर आणि नखांवर. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली फट सर्वांत चिंचोळी, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच होते. नुसते पाय धुऊन भागत नाही. बेचकं पुसून कोरडं करावं लागतं. रोज मोजे बदलणं आणि बुटांचा एकच जोड सलग न घालता तो सुकू देणं याला मलमाइतकंच महत्त्व आहे. मधुमेह असलेल्यांनी तर बोटांमधली भेग कधीच किरकोळ समजू नये, कारण तिच्यातून जिवाणू आत शिरून पाय सुजू शकतो.

उपचारांत व्हिटफील्ड यांचं मलम दीर्घकाळ टिकलं: ६ टक्के बेंझोइक आम्ल, ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल. ते बुरशी बसलेला थरच सोलून काढतं. ग्रिसिओफुल्विन हे बुरशीवरचं औषध १९३९ मध्ये सापडलं, पण ते पोटात दिल्यावर गिनिपिगांचं गजकर्ण बरं होतं हे जेम्स जेंटल्स यांनी दाखवायला १९५८ उजाडलं. पुढे क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल आली. १९७४ मध्ये व्हिएन्नात योगायोगाने हाती लागलेल्या नॅफ्टिफिनमधून टर्बिनाफिन घडलं. ते बुरशीच्या पेशीचं आवरण तयार होण्याच्या वाटेवरच अडसर घालतं आणि पेशी मरते. क्लोट्रिमाझोलसारखं मलम साधारण चार आठवडे लावायचं असतं, टर्बिनाफिनला एक-दोन आठवडे पुरतात. खाज थांबली की लोक मलम सोडतात, आणि तिथेच फसतात: खाज आधी जाते, बुरशी नंतर.

स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी तर खाज लगेच शमते आणि आत बुरशी बिनधास्त पसरते. टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या एका प्रजातीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालं. ती पायापेक्षा जांघेत आणि अंगावर जास्त आढळते. म्हणून मलम लावूनही आजार हटत नसेल, तर डॉक्टर खपलीचा कण काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि ग्रुबींसारखेच सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे तंतू शोधतात.